खापर कुणाच्या नावाचं? अथेन्समधली एका घराण्याची गोष्ट

खापरपणजोबा

गेल्या महिन्यात लेकीने ग्रीस दाखवलं. ॲक्रोपोलिसवरून उतरल्यावर मंडळी जेवायला गेली आणि मी खालच्या अगोरात, म्हणजे जुन्या अथेन्सच्या बाजारचौकात, शिरलो. तिथल्या संग्रहालयात एक संगमरवरी शिळा उभी आहे. तिच्यावर देव नाही, योद्धा नाही, वेलबुट्टी नाही. नुसत्या बारीक खाचा, रांगेने, एकीखाली एक. मी तीस वर्षं ज्या कारखान्यात काढली तिथे गेटपाशी हजेरीची कार्डं खोचायला असंच खाचांचं कपाट होतं. पाय आपोआप थबकले. बाकीचे पर्यटक फोटोसुद्धा न काढता पुढे सरकत होते.

या शिळेला म्हणायचे क्लेरोटेरियन. सोडत काढायचं यंत्र. संग्रहालयातली शिळा बरीच नंतरच्या काळातली आहे, पण पद्धत इ.स.पू. चौथ्या शतकातली नीट लिहून ठेवलेली सापडते. कोर्टात पंच म्हणून बसायचं असेल त्या नागरिकाने सकाळी स्वतःच्या नावाची पट्टी घेऊन यायचं. पट्टी आधी काशाची असे, पुढे लाकडाची झाली. तिच्यावर नाव, बापाचं नाव, गाव. या पट्ट्या खाचांत खोचायच्या. शिळेच्या कडेला एक उभी नळी. तिच्यात काळे-पांढरे फासे वरून ओतायचे आणि खालून एकेक सोडायचा. पांढरा आला की ती अख्खी आडवी रांग कामावर. काळा आला की रांग घरी. निवडलेल्याने मग हंड्यातून एक ओकफळ उचलायचं, त्यावर कोर्टाचं अक्षर. त्या कोर्टाच्या दारावरच्या तुळईला जो रंग, त्याच रंगाची काठी त्याच्या हातात द्यायची, म्हणजे गडी भलत्या दारातून घुसायला नको. कोण कुठल्या खटल्याला बसणार हे त्या सकाळपर्यंत कुणालाच ठाऊक नसे, मग लाच द्यायची तरी कुणाला?

आपण शाळेत शिकलो की लोकशाही म्हणजे मतदान आणि ती ग्रीकांनी शोधली. अथेन्सच्या माणसाला हे ऐकून हसू आलं असतं. ॲरिस्टॉटल सरळ लिहितो की अधिकारी चिठ्ठीने नेमणं ही लोकशाहीची रीत आणि निवडणूक ही मूठभरांच्या राज्याची. कारण उघड आहे. निवडणुकीत घराणं, पैसा, बोलणं, दिसणं चालतं. चिठ्ठीला यातलं काही कळत नाही.

इ.स.पू. ५०८ च्या सुमारास क्लिस्थेनीसने व्यवस्था नव्याने मांडली. दहा टोळ्या, प्रत्येकीतून चिठ्ठीने पन्नास, असं पाचशेंचं मंडळ. वर्षाचे दहा भाग करून प्रत्येक टोळीचे पन्नास जण पस्तीस-छत्तीस दिवस कारभार बघत. या पन्नासांतून रोज संध्याकाळी एकाची चिठ्ठी निघे. तो एक रात्र आणि एक दिवस राज्याचा अध्यक्ष. खजिन्याच्या किल्ल्या त्याच्याकडे, शिक्का त्याच्याकडे. दुसऱ्या दिवशी सूर्य मावळला की संपलं, आणि जन्मात पुन्हा नाही.

हे सगळं लिहायचं कारण, परतीच्या विमानात मी एका घराण्याचा हिशोब मांडत बसलो होतो. आजोबा, मुलगा, नातू. तिघेही सेनापती. आजोबांना शहराने खापरावर नाव कोरून हद्दपार केलं, मुलाला सलग पंधरा वर्षं निवडून दिलं आणि नातवाला मारलं. मुलाचं नाव तुम्हाला माहीत आहे, पेरिक्लीस. बाकीचं प्रतिसादांत लिहितो, टंकून बोटं दुखली.

उगाचच

म्हणजे म्हाडाची सोडत म्हणा की, फक्त घराऐवजी अख्खं राज्य. :)

गंमत सोडा. आजारी पडल्यावर डॉक्टर चिठ्ठ्या टाकून निवडाल का? बोट चालवायला तांडेल चिठ्ठीने? मग राज्य का?

खापरपणजोबा

@उगाचच, तुमचा मुद्दा चोवीसशे वर्षं जुना आहे आणि तो काढणाऱ्याचं नाव सॉक्रेटिस. त्याचा शिष्य झेनोफनने लिहिलंय की सॉक्रेटिस म्हणे, तांडेल, सुतार, बासरीवाला कुणी दाण्याने निवडत नाही, मग राज्याचे अधिकारी का? (सोडतीला ते 'दाणा' म्हणत, कारण सोडतीत कडधान्याचे दाणे वापरायची रीत होती.)

पण अथेन्सवाले इतके भोळे नव्हते. जिथे कसब लागतं तिथे ते हात वर करून निवडणूकच घेत. दहा सेनापती दर वर्षी निवडून यायचे, आणि तिथे कितीही वेळा उभं राहता येई. चिठ्ठीची कामं वेगळी: बाजारातली वजनं-मापं तपासणं, रस्ते, तुरुंग, लिलाव, सगळ्या नागरिकांच्या सभेपुढचे विषय ठरवणं. तीही एकट्याकडे नाही, बहुधा दहा-दहांच्या मंडळाकडे. पद मिळण्याआधी चौकशी व्हायची. त्यात आईवडिलांना नीट वागवतोस का, घराण्याची थडगी कुठे आहेत, कर भरतोस का, हेही विचारत. पद सोडताना हिशोब द्यायचा. हिशोब चुकला की कोर्ट. विश्वासावर चाललेलं राज्य नव्हतं ते, संशयावर चाललेलं होतं.

कोकणची_माहेरवाशीण

छान लिहिताय. वाचनखूण साठवली. पण तो 'नागरिक' शब्द फार सहज येतोय. बायका नाहीत, गुलाम नाहीत, परगावाहून येऊन पिढ्यान् पिढ्या राहिलेले मेटिक नाहीत. उरलेले पुरुष चौथ्या शतकात वीस-तीस हजार. त्यांनी आपसांत चिठ्ठ्या टाकल्या, त्याला 'लोक'शाही म्हणायचं?

शंकेखोर

+१. आणि त्यातही मेख आहे. रोज माणसं बदलणारं सरकार चालतं कसं? मी सरकारी कचेरीत बावीस वर्षं आहे. साहेब बदलला तरी काम चालतं, कारण बडे बाबू जागेवर असतात. अथेन्सचे बडे बाबू कोण होते सांगा बघू? गुलाम. सार्वजनिक गुलाम, शहराने विकत घेतलेले.

इ.स.पू. ३७५ चा एक कायदा दगडावर कोरलेला अगोरातच सापडला. बाजारात सराफांच्या मेजांमध्ये एक सरकारी गुलाम बसवायचा. त्याचं काम चांदीची नाणी पारखणं. नाणं खरं असेल तर परत द्यायचं आणि मग ते कुणी नाकारायचं नाही, नाकारलं तर त्याच्यापाशी विकायला असेल तो माल जप्त. आत तांबं-शिसं निघालं तर नाणं तिथल्या तिथे छिन्नीने कापायचं. मोठमोठ्या व्यापाऱ्यांनी या माणसाचा शब्द मानायचा. आणि तो कामावर बसला नाही तर त्याला पन्नास फटके.

सभेत गोंधळ घालणाऱ्या नागरिकाला ओढून बाहेर काढणारे पोलीसही गुलाम, सिथियन तिरंदाज. नागरिकावर दुसऱ्या नागरिकाने हात टाकायचा नाही म्हणून ही सोय. कारभाराची माहिती ज्याच्याकडे त्याला हक्क नाही, आणि हक्क ज्याला त्याच्याकडे माहिती नाही. म्हणून कुणी एक डोईजड झाला नाही. तुम्ही चिठ्ठीचं कौतुक करताय, मला तो फटक्यांच्या भीतीने बसलेला पारखी दिसतो.

खापरपणजोबा

@शंकेखोर, हा दगड मी बघितला असेल आणि पुढे गेलो असेन. माझी चूक. तुमचा मुद्दा धाग्यापेक्षा वजनदार आहे.

@कोकणची_माहेरवाशीण, तुमच्या मुद्द्यातूनच गोष्ट पुढे जाते. आधी आजोबा.

आजोबांचं नाव झँथिप्पस. इ.स.पू. ४८४ मध्ये त्याच्यावर खापर आलं. आपण मराठीत कुणाच्या डोक्यावर खापर फोडतो. तिथे ते फोडायचं काम आधीच झालेलं असे. फुटक्या मडक्याचा तुकडा उचलायचा, अणकुचीदार टोकाने त्यावर नाव खरवडायचं आणि बाजारचौकात नेऊन द्यायचं. वर्षातून एकदा सभेला विचारत, यंदा खापरं काढायची का? हो म्हणाले तर दोनेक महिन्यांनी मतदान. किमान सहा हजार खापरं पडली पाहिजेत. ज्याचं नाव जास्त, त्याने दहा दिवसांत शहर सोडायचं, दहा वर्षांसाठी. आरोप नाही, भाषण नाही, बचाव नाही. पण जमीनजुमला जप्त नाही, उत्पन्न चालू, आणि परत आल्यावर पूर्वीचाच मान. शिक्षा कमी आणि 'जरा हवापालट करून या' जास्त.

अशी दहा हजारांहून जास्त खापरं सापडली आहेत. काहींवर नुसतं नाव नाही, शेराही आहे. कुणाला 'गद्दार'. किमॉन नावाच्या सेनापतीच्या एका खापरावर 'बहिणीला घेऊन चालता हो'. आमच्या झँथिप्पसच्या वाट्याला तर दोन ओळींचं पद्य आलं. कुणीतरी मडक्याच्या तुकड्यावर वृत्त जुळवत बसला होता!

पुढचा भाग मला आवडतो. ४८० मध्ये इराणचा राजा चालून आला तेव्हा अथेन्सने सगळ्या हद्दपारांना परत बोलावलं. त्याच वर्षी शहर रिकामं करून माणसं होड्यांनी सालामिस बेटावर नेली. चरित्रकार प्लुटार्क सांगतो, झँथिप्पसचा कुत्रा धन्याला सोडेना. समुद्रात उडी टाकून तो होडीच्या कडेने पोहत सालामिसपर्यंत गेला आणि काठावर पोचताच मेला. त्या जागेला नंतर 'कुत्र्याचं थडगं' म्हणत. दुसऱ्या वर्षी मायकालीच्या लढाईत झँथिप्पस अथेन्सच्या आरमाराचा सेनापती होता. ज्यांनी हाकललं त्यांच्यासाठीच लढला.

उगाचच

कुत्र्याची गोष्ट सगळ्यात भारी. आणि पद्यवाल्याला दंडवत.

एक शंका. सहा हजारांना लिहिता यायचं?

मिरजेचा_वकील

लिहून घ्यायचे. अरिस्टायडीसची गोष्ट प्रसिद्धच आहे. 'न्यायी अरिस्टायडीस' म्हणून लोक ओळखत. मतदानाच्या दिवशी एका निरक्षर शेतकऱ्याने त्याच्याच हातात खापर दिलं, म्हणाला यावर अरिस्टायडीस लिही. याने विचारलं, त्याने तुझं काय वाईट केलं? तो म्हणाला, काही नाही, मी ओळखतसुद्धा नाही, पण जिकडेतिकडे 'न्यायी, न्यायी' ऐकून कान किटले. अरिस्टायडीसने निमूट लिहून दिलं. वर्ष इ.स.पू. ४८२. गोष्ट घडली की रचली, देव जाणे, पण त्या शेतकऱ्याची माझी ओळख आहे. रोज बाररूममध्ये भेटतो.

आणि सगळेच भोळे नव्हते. ॲक्रोपोलिसच्या उत्तर उतारावरच्या एका विहिरीत १९० खापरं एकत्र सापडली, सगळ्यांवर एकच नाव, थेमिस्टोक्लीस या पुढाऱ्याचं. अक्षरं तपासली तर लिहिणारे हात फक्त चौदा निघाले. आधीच लिहून, वाटायला तयार ठेवलेली. आजच्या भाषेत आयटी सेल.

आता कोर्टाबद्दल, माझा प्रांत म्हणून. तिथे न्यायाधीश नाही. वकील नाही. पाचशे एक पंच, वयाची तिशी ओलांडलेले, सोडतीने आलेले. भत्ता आधी दोन ओबोल (चांदीची लहान नाणी), क्लिऑन नावाच्या पुढाऱ्याने तीन केला. ज्याचं भांडण त्याने स्वतः बोलायचं. बोलायला येत नसेल तर भाषण विकत घ्यायचं आणि पाठ करायचं. लिसियस हा भाषणं लिहून द्यायचा, तोही मेटिक. वेळ मोजायला भोक पाडलेलं मातीचं भांडं. पाणी संपलं की तोंड बंद. अगोरातल्या संग्रहालयात असं एक भांडं आहे, सहा मिनिटांचं. आमच्याकडे ते लावलं तर निम्मे सिनिअर बेरोजगार होतील.

मग लगेच मतदान, पंचांनी आपसांत चर्चा करायची नाही. प्रत्येकाला काशाच्या दोन चकत्या, मध्ये आस असलेल्या, भोवऱ्यासारख्या. एकीचा आस पोकळ, दुसरीचा भरीव. पोकळ फिर्यादीची, भरीव आरोपीची. अंगठा आणि बोट आसाच्या दोन टोकांवर धरलं की शेजाऱ्याला काही दिसत नाही. हे डिझाइन ज्याने केलं तो माझ्या मते अथेन्सचा सगळ्यात मोठा विचारवंत.

पंचांना लाच द्यायची पहिली यशस्वी युक्ती ॲनिटसच्या नावावर नोंदलेली आहे. हाच ॲनिटस पुढे ३९९ मध्ये सॉक्रेटिसविरुद्धच्या फिर्यादींपैकी एक. तिथे तीस मतं फिरली असती तर सॉक्रेटिस सुटला असता, असं प्लेटो त्याच्याच तोंडून सांगतो.

दर्यावर्दी_दादा

एवढा वेळ वाचतोय, पण जहाजाचं कुणी काढेना. चाळीस वर्षं समुद्रावर काढलेल्या माणसाला राहवत नाही.

अथेन्सची लोकशाही सभा भरायची त्या प्निक्सच्या टेकडीवर नाही, वल्ह्यावर उभी होती. इ.स.पू. ४८३ च्या आसपास लॉरियनच्या खाणीत चांदीचा मोठा साठा लागला. पैसे नागरिकांत वाटून टाकायचे ठरत होते. थेमिस्टोक्लीसने गळ घालून त्यातून जहाजं बांधायला लावली. ट्रायरीम म्हणजे तीन मजली वल्ह्यांचं जहाज. लांबी ३७ मीटरच्या आतबाहेर आणि माणसं दोनशे, त्यातले १७० वल्हेकरी. वरच्या रांगेत ६२, मधल्या ५४, खालच्या ५४. सिनेमात दाखवतात तसे साखळदंडातले गुलाम नव्हेत. बहुतेक जण पगारी, मोकळे, गरीब नागरिक, त्यांच्याबरोबर मेटिक आणि भाडोत्री. ढाल-तलवार परवडत नाही तो वल्ह्यावर. आणि शहर वाचतं ते वल्ह्यामुळे, मग सभेत त्याचा आवाज दाबणार कोण?

वल्हेकऱ्याचं सामान म्हणजे वल्हं, ते बांधायचा चामडी पट्टा आणि बुडाखाली घ्यायची गादी. एकदा पेलोपोनेसच्या, म्हणजे स्पार्टाच्या बाजूच्या, आरमाराला एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्याला चालत जायचं होतं, तेव्हा प्रत्येक जण या तीन वस्तू घेऊन चालला, असं इतिहासकार थ्युसिडिडीसने लिहिलंय. जहाजात झोपायला जागा नाही, शिजवायला नाही. जेवणाला काठाला लावायचं. सगळ्यात खालच्या रांगेची दशा काय होती ते ॲरिस्टोफेनीसने नाटकात एका वाक्यात सांगितलंय: वरचा वल्हेकरी खालच्याच्या तोंडावर पादतो. तेव्हाचं प्रेक्षागृह खो खो हसलं असणार, कारण निम्मे तिथे बसून आलेले.

१९८७ मध्ये ग्रीक नौदलाने तसंच एक जहाज बांधून पाण्यात सोडलं, 'ओलिंपियास'. जोर लावल्यावर ते नऊ नॉट्सपर्यंत गेलं. नुसत्या हाताच्या बळावर!

पण मला सांगायची आहे ती मिटिलीनीची शर्यत. ४२७ साल. लेसबॉस बेटावरचं मिटिलीनी अथेन्सपासून फुटलं आणि पुन्हा हाती आलं. सभेने रागाच्या भरात ठरवलं की सगळे पुरुष मारायचे, बायका-मुलं विकायची. हुकूम घेऊन जहाज निघालंसुद्धा. रात्रीत लोकांना झोप लागली नसावी. दुसऱ्या दिवशी पुन्हा सभा. क्लिऑन म्हणाला, काल ठरलं ते ठरलं. डायोडोटस म्हणाला, दयामाया बाजूला ठेवा, आपला फायदा कशात ते बघा. हात वर झाले, जवळजवळ बरोबरीत, पण डायोडोटस जिंकला. लगेच दुसरं जहाज. पहिलं एक दिवस-रात्र पुढे. अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आतबाहेर. मिटिलीनीच्या दूतांनी जहाजावर दारू आणि जवाचं पीठ भरलं, वेळेत पोचलात तर बक्षीस म्हणाले. वल्हेकऱ्यांनी वल्हं न सोडता जवाचं पीठ दारू-तेलात कालवून खाल्लं. पाळीपाळीने झोपले. पहिलं जहाज असलं ओंगळ काम घेऊन चाललेलं, ते रेंगाळत होतं. तिथला सेनापती हुकूम वाचून अंमल करायच्या बेतात असताना दुसरं बंदरात शिरलं.

पूर्ण माफी नव्हती, बंडाचे पुढारी म्हणून हजारावर माणसं मारलीच. पण शहर वाचलं.

कोकणची_माहेरवाशीण

दादा, काटा आला. ते रेंगाळणारे वल्हेकरी डोळ्यांपुढून जाईनात.

पणजोबा, मुलगा आणि नातू राहिले. मी वाट बघतेय, कारण मला वाटतं तुम्ही अस्पासियाकडे येताय.

खापरपणजोबा

बरोबर ओळखलंत.

पेरिक्लीसने ४५१ मध्ये एक कायदा करून घेतला: आई आणि बाप दोघेही अथेन्सचे असतील तरच मुलगा नागरिक. त्याआधी बाप असला की पुरे होतं. काही वर्षांनी इजिप्तहून धान्य आलं, ते नागरिकांत वाटायचं म्हणून याद्या तपासल्या, तेव्हा जवळपास पाच हजार नावं कटली असं प्लुटार्क लिहितो.

आणि मग याच पेरिक्लीसने बायकोशी काडीमोड घेऊन जन्मभरासाठी सोबत धरली ती अस्पासिया, मिलेटसची. म्हणजे परकी. त्यांना मुलगा झाला. त्याचंही नाव पेरिक्लीस, आणि बापाच्याच कायद्याने तो कुणीच नाही.

४३० मध्ये तटबंदीच्या आत कोंडलेल्या अथेन्समध्ये साथ आली. पेरिक्लीसचे लग्नाचे दोन्ही मुलगे गेले. धाकट्या पॅरालसच्या प्रेतावर हार घालताना हा माणूस चारचौघांत हुंदके देऊन रडला. त्याला तसं कुणी कधी पाहिलं नव्हतं. मग तो सभेपुढे गेला आणि म्हणाला, माझ्या कायद्यातून माझ्या या मुलाला सूट द्या, नाहीतर घराणं बुडेल. लोकांना दया आली. दिली सूट. ४२९ मध्ये पेरिक्लीसही साथीत गेला.

ही सूट मिळाली नसती तर पोरगा मेटिक म्हणून जगला असता. सेनापती झाला नसता.

मिरजेचा_वकील

आर्गिनुसाय. आता कळलं कुठे नेताय ते.

खापरपणजोबा

हो. ४०६ साल. स्पार्टाशी पंचवीस वर्षं युद्ध चाललेलं, खजिना रिकामा. देवीच्या सोन्याच्या मूर्ती वितळवून नाणी पाडली आणि तीस दिवसांत ११० जहाजं उभी केली. वल्ह्याला माणसं कमी पडली म्हणून या वेळी गुलामही घेतले, लढलात तर स्वातंत्र्य या बोलीवर. (आधी दादांनी सांगितलेल्या नियमाला हा अपवाद.) घोड्यावरचे श्रीमंत पोरगेसुद्धा वल्ह्यावर बसले. लेसबॉससमोरच्या आर्गिनुसाय बेटांपाशी लढाई झाली आणि अथेन्स जिंकलं. स्पार्टाच्या बाजूची सत्तरच्या आसपास जहाजं गेली, त्यांचा सरखेल समुद्रात पडून मेला.

अथेन्सची २५ गेली. फुटक्या जहाजांना धरून माणसं पाण्यात तरंगत होती. सेनापतींनी काही जहाजं मागे ठेवून त्यांना उचलायला सांगितलं. तेवढ्यात वादळ आलं. कुणी गेलंच नाही.

लढाईवर आठ सेनापती होते. सभेने बोलावल्यावर दोघे परतलेच नाहीत. सहा आले, त्यांत अस्पासियाचा मुलगा. पहिल्या सभेत सेनापतींनी वादळाचे साक्षीदार आणले, तांडेल आणले, आणि लोकांचं मन वळत होतं. पण उशीर झाला. अंधार पडला आणि वर केलेले हात मोजता येईनात. सभा पुढे ढकलली.

मध्ये अपातुरियाचा सण आला. कुळाकुळांनी एकत्र जमायचा सण, घरोघरी कोण कमी आहे ते दिसायचा सण. पुढच्या सभेला काळे कपडे घातलेली, डोकी भादरलेली माणसं आली. झेनोफन म्हणतो ती सगळी खरी नातेवाईक नव्हती, विरोधकांनी उभी केलेली होती. एक जण पुढे होऊन म्हणाला, मी पिठाच्या पिपाला धरून वाचलो, आणि बुडणाऱ्यांनी मला सांगितलं की जिवंत राहिलास तर शहराला सांग, आम्हाला यांनी टाकून दिलं.

कॅलिक्झेनसने ठराव आणला: सहाही जणांचा निकाल एकाच मतदानात. हे कायद्याविरुद्ध होतं, प्रत्येकाचा खटला वेगळा चालायला हवा. युरिप्टोलेमसने तसं सांगितलं. गर्दी ओरडली, लोकांना हवं ते करू देत नाही म्हणजे काय! कारभार बघणाऱ्या पन्नासांनाही धमकावलं तेव्हा एकेक जण गप्प बसला. एक सोडून. त्या महिन्यात अँटिओकिस टोळीची पाळी होती, आणि चिठ्ठीने त्या पन्नासांत आलेला, त्या दिवसाचा अध्यक्ष होता सॉक्रेटिस. तो म्हणाला, कायद्याबाहेरचं मी मांडू देणार नाही.

सहाही सेनापती मारले गेले.

शंकेखोर

एक दुरुस्ती. झेनोफन एका ठिकाणी त्याला त्या दिवसाचा अध्यक्ष म्हणतो, दुसऱ्या ठिकाणी नुसता पन्नासांपैकी एक. प्लेटो तर त्याच्या तोंडून पन्नासांत होतो एवढंच वदवतो. 'अध्यक्ष' असा ठोकून देऊ नका.

खापरपणजोबा

मान्य. गोष्ट सांगायच्या ओघात वाहवलो. पन्नासांतला एक, एवढंच धरा.

कोकणची_माहेरवाशीण

म्हणजे दाण्याला नावं ठेवणाऱ्या माणसाला दाण्यानेच तिथे बसवलं होतं. निवडणुकीत सॉक्रेटिसला कोण मत देणार होतं?

उगाचच

@कोकणची_माहेरवाशीण, पहिल्या प्रतिसादातला माझा डॉक्टर परत घेतो. तांडेल मात्र ठेवतो.

पण मला वाटतं दोष गर्दीचा नाही. वादळात जहाजं मागे ठेवली होती ना, मग त्यांवर कोण होतं? त्यांना का नाही पकडलं?

दर्यावर्दी_दादा

थेरामेनीस आणि थ्रासिब्युलस. आणि सेनापतींविरुद्ध बोंब मारण्यात थेरामेनीसच पुढे. आपल्यावर यायच्या आत दुसऱ्यावर ढकललं.

वादळाचं म्हणाल तर मी सेनापतींच्या बाजूने आहे. ट्रायरीम हलकी, उथळ, आणि वाऱ्यात तिची कड पाण्याला टेकायला वेळ लागत नाही. तशा समुद्रात फुटक्या सांगाड्यांजवळ नेली असती तर उचलायला गेलेलेही तिथेच राहिले असते. पण किनाऱ्यावर बसलेल्या आईला हे सांगणार कोण? प्रेत नाही म्हणजे अंत्यसंस्कार नाहीत.

रानवेली

वाचनमात्र होते, आता राहवलं नाही. आपल्याकडेही तमिळनाडूत उत्तिरमेरूरला चोळांच्या काळात कुडवोलै नावाची सोडत होती. परांतक चोळाचे इ.स. ९१९ आणि ९२१ चे शिलालेख आहेत, ताडपत्रावर नावं लिहून मडक्यात टाकायची आणि लहान मुलाने काढायची. मात्र जमीन हवी, स्वतःचं घर हवं, वेद यायला हवेत.

मिरजेचा_वकील

@रानवेली, वेगळा धागा काढा ना, इथे हरवून जाईल. मी पहिला प्रतिसाद देतो.

धाग्याच्या विषयावर थोडं. ४०५ मध्ये आरमार हातचं गेलं, ४०४ मध्ये अथेन्स शरण गेलं, स्पार्टाने तीस जणांची जुलमी राजवट बसवली. ४०३ मध्ये लोकशाही परत आली तेव्हा दोन गोष्टी केल्या. जुने गुन्हे उगाळायचे नाहीत अशी सगळ्यांनी शपथ घेतली. आणि ठरवलं की सभेचा ठराव कायद्याच्या वर जाणार नाही. कायदा बदलायचा तर पंचांच्या यादीतल्या माणसांचं वेगळं मंडळ बसवायचं, सभेत ओरडून नाही. आर्गिनुसायचा चटका त्यात दिसतो असं मला वाटतं. तरी चार वर्षांनी सॉक्रेटिसला विष दिलंच, आणि तेही अगदी कायदेशीर.

उगाचच

आणि तो कॅलिक्झेनस?

खापरपणजोबा

सेनापतींना मारल्यावर थोड्याच काळात लोकांना पश्चात्ताप झाला. ज्यांनी फसवलं त्यांच्यावर खटले भरायचं ठरलं. कॅलिक्झेनस आणि आणखी चौघांना धरलं, पण शहरात दंगल झाली त्यात ते निसटले. लोकशाही परत आल्यावर तो अथेन्सला आला. कुणी मारलं नाही, कुणी खटला भरला नाही. सगळे त्याचा तिरस्कार करत, आणि तो भुकेने मेला, एवढंच झेनोफन लिहितो.

सेनापतींपैकी डायोमेडॉनने मरायच्या आधी सभेला एक काम सांगितलं होतं. लढाईआधी आम्ही देवांना नवस बोललो होतो, तो फेडायला आता आम्ही नाही, तेवढा तुम्ही फेडा.